खरकटे वाळण्यापूर्वी

स्वच्छ करणे या एका कामासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कोणत्याही घरात अर्धा तास कान देऊन बसावे. शब्दकोश फुकटात हाती लागतो. जळमटे झाडायची असतात, फरशी पुसायची असते, पडदे भिजवायचे, धुवायचे आणि पिळायचे असतात, डबे घासायचे असतात, बरण्या विसळायच्या असतात, समया चिंचेने उजळायच्या असतात आणि माळ्यावरचे सामान नुसतेच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायचे असते; तेही स्वच्छतेतच मोडते. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘बरणी घास’ आणि ‘बरणी विसळ’ यांतले अंतर ज्याला कळत नाही त्याला मराठी येते असे मी म्हणणार नाही, आणि त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नये असे आमच्या घरी म्हणतात.

एरवी या पानावर मी शब्दांविषयी काहीबाही लिहीत असतो. पण दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी व्याकरण वाढणे बरे नव्हे. म्हणून यंदा एका यंत्राविषयी लिहितो. यंत्र अगदी लहान आहे, आणि मौज अशी की ते जपण्याची सारी विद्या वर सांगितलेल्या क्रियापदांतच सामावलेली आहे. त्या यंत्राचे नाव एअरब्रश.

नावात ब्रश असला तरी याला एकही केस नसतो. दिसायला हे जाड फाउंटन पेनासारखे, आणि बोटांत धरायचेही जवळजवळ तसेच. वर एक इवलीशी वाटी, तीत रंग. खालून रबरी नळीने हवा येते, ती कॉम्प्रेसरची. आत, वाटीच्या तळाखालून, एक पोलादी सुई आरपार गेलेली असते आणि तिचे टोक पुढच्या टोपणाच्या भोकात बूच मारल्यासारखे बसलेले असते. या टोपणाला नॉझल म्हणतात. वरचा खटका खाली दाबला की हवा सुटते. तोच मागे ओढला की सुई मागे सरते, भोक किलकिले होते आणि रंग बाहेर डोकावतो. भोकाभोवतून हवा वेगाने जात असल्यामुळे तिथला दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचे तुषार होतात. ज्यांच्या घरी डासांसाठी फ्लिटचा पंप होता त्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तो पंप खोली भरून टाकी आणि हे यंत्र बोटभर मावळ्याच्या मिशीएवढ्या जागेवर रंग धरू शकते.

रंग फुंकून चित्र काढण्याची कल्पना मात्र मुळीच नवी नाही. गुहेच्या भिंतीवर पंजा टेकवून त्याभोवती रंग फुंकणारा आदिमानव हा या कलेचा मूळपुरुष. यंत्र झाले ते गेल्या दीडशे वर्षांत. १८७६ साली अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली याने रंग फवारण्याच्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. हाच गृहस्थ पुढे आपल्या जुळ्या भावाबरोबर वाफेच्या मोटारी बनवून प्रसिद्धीस आला. १८७९ मध्ये आयोवा राज्यातल्या अब्नर पीलरने हातात धरून चित्र काढण्याजोगे यंत्र बनवले. पुढे फोटोग्राफरांनी ते उचलले, मग जाहिरातवाल्यांनी, आणि आता हौशी मंडळींनी. विमानांच्या प्रतिकृती जुळवणारे, केकवर गुलाब रंगवणारे, आगगाडीचे डबे जुनाट दिसावेत म्हणून त्यांवर खोटी धूळ बसवणारे असे या पंथाचे अनेक उपपंथ आहेत. आमच्या पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतही याचाच थोरला भाऊ काम करतो. मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्याने बसतो. डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्यानेच होते.

आमच्या घरात एअरब्रश शिरला तो किल्ल्याच्या वाटेने. आमची कन्या आठवीत आहे. इमारतीतल्या मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावर जे मातीचे मावळे उभे राहतात, ते बाजारातल्यासारखे एकाच साच्याचे आणि एकाच गालाला लाली लावलेले नसावेत, हा तिचा आग्रह. तो पुरा करण्यासाठी तिने गुरू गाठला तो तळमजल्यावर. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. लहानथोर सारेच त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी उभा जन्म एका फोटो स्टुडिओत रीटचिंग केले. लग्नाच्या फोटोतला नवऱ्यामुलाचा घाम पुसणे, आजोबांच्या मागची पोपडे आलेली भिंत काढून तिथे ढग भरणे, हयात नसलेल्या माणसाच्या फोटोभोवती हलके धुके सोडणे, हे त्यांचे काम, आणि ते सारे एअरब्रशने. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत ढग भरणाऱ्या माणसांची गरज उरली नाही. आप्पा घरी आले, ते आपला एअरब्रश घेऊन.

हा एअरब्रश अजून चालतो. पण त्या बनावटीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. आप्पांजवळ सुई एकच उरली आहे. ती वाकली की यंत्र संपले. म्हणून ती सुई ते यंत्रात ठेवीतच नसत. एका काचेच्या नळीत कापूस घालून, त्यात ती निजवलेली असे. त्यांच्याकडे आणखी एक एअरब्रश आहे. तो त्यांनी पूर्वी एका उत्साही तरुणाला वापरायला दिला होता. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा वाटीच्या तळाशी निळा रंग दगडासारखा बसला होता, आणि सुई जोराने आत रेटल्यामुळे नॉझल उकलले होते. आप्पा त्या तरुणाला एक शब्दही बोलले नाहीत. यंत्र मात्र त्यांनी टाकले नाही. कपाटात ठेवले आहे आणि शिकायला येणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी तेच ठेवतात.

कन्येच्याही हाती पहिल्या दिवशी तेच आले. पुढचे पंधरा दिवस तिला चांगले यंत्र मिळाले, पण सुईवाचून. “आधी उघडायला शीक, मग बंद करायला शीक,” आप्पा म्हणाले, “रंगवणं काय, कोणालाही येतं.” पंधरा दिवसांनी सुई मिळाली, तीही त्यांच्या डोळ्यांदेखत. आप्पांचे डोळे आता अधू झाले आहेत. सुईचे टोक त्यांना दिसत नाही. ते सुई कापसावरून हलकेच ओढतात. टोक वाकले असेल तर कापसाचा तंतू त्यात अडकतो. न अडकला तर सुई शाबूत. संध्याकाळी ही परीक्षा होऊन सुई पुन्हा नळीत जाई, आणि कन्या वर येऊन मला दिवसभराचा धडा म्हणून दाखवी. तो धडा ऐकताना माझ्या ध्यानात आले की हे तर आमच्याच मोरीवरचे मराठी आहे.

पहिले क्रियापद गाळणे. निम्मी स्वच्छता रंग भरण्यापूर्वीच होते. हौशी माणसाच्या नॉझलचे भोक साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे, ०.३ विशेष प्रचारात. चार केस एकाशेजारी एक ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढेच ते. त्यातून बाटलीच्या तोंडाशी सुकलेली रंगाची खपली जाईल कशी? म्हणून रंग बारीक कापडातून गाळावा आणि दुधाइतका पातळ करावा. दूध म्हणजे दूध, बासुंदी नव्हे. हवेचा दाब दर चौरस इंचाला १५ ते २५ पौंड पुरे. बासुंदीसाठी दाब वाढवीत बसणारा माणूस भोक बुजवून घेतो.

दुसरे विसळणे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. जेवून उठल्याबरोबर ताटावर पाणी घाल, खरकटे वाळू देऊ नकोस, असे आपल्या प्रत्येकाच्या आजीने सांगितले आहे. ओले खरकटे पाण्याच्या एका हबक्याने निघते. वाळलेल्या भाताच्या शितासाठी नखे झिजवावी लागतात. एअरब्रशमध्ये ही गोष्ट अधिकच कठोर आहे. आप्पांच्या काळचे रंग गोंदाचे. ते वाळले तरी पाण्याने पुन्हा सुटत. आजचे ॲक्रिलिक रंग तसे नाहीत. पाण्यात प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो, आणि तो पापुद्रा मग पाण्याला ओळख देत नाही. त्यामुळे रंग संपला की लगेच वाटी रिकामी करायची, पाणी घालायचे, मऊ कुंचल्याने ढवळायचे, फवारून टाकायचे. पाणी नितळ येईपर्यंत हेच पुन्हा. रंग बदलतानाही तेच. त्यातही शहाणपण असे की फिक्यापासून गडदाकडे जावे: आधी पिवळा, मग केशरी, मग तांबडा, शेवटी काळा. काळ्यानंतर पांढरा घेणाऱ्याला पाण्याची टाकीही पुरणार नाही. सोनेरी-रुपेरी रंग सगळ्यांच्या मागून. त्यांची चमकी कुठे दडून बसेल सांगता येत नाही.

तिसरे चूळ भरणे. वाटीत थोडे पाणी किंवा सफाईचे द्रावण घालायचे, यंत्राच्या तोंडावर कापडाची घडी हलकेच धरायची आणि कमी दाबाने हवा सोडायची. बाहेर जाता न आल्याने हवा उलटी फिरते आणि वाटीत बुडबुडे येतात. यंत्र खळखळून चूळ भरते, आणि कानाकोपऱ्यातला रंग वर येतो. वाटीवर झाकण हवे, नाही तर तोच रंग आपल्या चष्म्यावर येतो.

चौथे पुसणे. विसळून झाल्यावर मागचे नट सैल करून सुई मागून बाहेर काढायची. आधी विसळायचे, मग काढायची. नाही तर सुईबरोबर रंग मागे ओढला जाऊन आतल्या वॉशरात बसतो आणि खटका जड होतो. सुई ओल्या मऊ कापडात धरून मागून टोकाकडे फिरवीत पुसायची. उलट दिशेने कधीही नाही. बोटालाही टोचते आणि टोकही वाकते. परत घालताना टेकली की थांबायचे. नॉझल मऊ धातूचे असते. जोर केला तर ते फुटते. कपाटातल्या त्या दुसऱ्या यंत्राचे तसेच झाले.

आता वर्ज्य क्रियापदे. घासणे वर्ज्य. तारेची घासणी या यंत्राच्या वाऱ्यालाही उभी करू नये. टोचणे त्याहून वर्ज्य. आमच्या पिढीला स्टोव्हच्या पिनचे फार प्रेम. कुठलेही भोक बुजले की आधी पिन आठवते. स्टोव्हच्या बर्नरला ती मानवत असे. नॉझलात पिन खुपसली की भोक लंबगोल होते आणि रंग तिरका उडू लागतो. नॉझलासाठी दातांच्या फटी साफ करण्याचा अगदी बारीक ब्रश, तोही अलगद. आणि सबंध यंत्र द्रावणात बुडवून ठेवणे, म्हणजे भिजत घोंगडे, तेही वर्ज्य. सुटे धातूचे भाग खुशाल भिजवावेत. पण आतल्या रबरी कड्या थिनरमध्ये फुगतात आणि हवेच्या खटक्याचे वंगण धुऊन जाते. काचा पुसण्याचे अमोनियाचे पाणीही नको. पितळेला ते बाधते. सफाई झाल्यावर सुईच्या मधल्या भागाला, टोकाला नव्हे, या कामासाठी मिळणाऱ्या वंगणाचा एक ठिपका पुरे.

ज्या रंगाला जे पाणी, तेच त्याच्या सफाईला. पाण्यातला रंग पाण्याने, एनॅमल किंवा लॅकर त्याच्या थिनरने. लॅकरवर पाणी पडले तर दूध नासावे तशी गुठळी होते आणि ती नेमकी भोकात जाऊन बसते. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक पाणी येते, ते हवेतले. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॉम्प्रेसर चालू झाला की नळीत थेंब जमतात आणि चित्रावर थुंकी पडल्यासारखे डाग उठतात. त्यासाठी नळीवर पाणी अडवणारा सापळा बसवावा आणि टाकी असल्यास काम संपल्यावर तळातले पाणी सोडून द्यावे.

यंत्र आजारी पडले तर त्याची नाडीही पाहता येते. काम चालू असताना वाटीत आपोआप बुडबुडे येऊ लागले तर नॉझल नीट बसलेले नाही किंवा उकलले आहे. खटका मागे न ओढताच रंग येत असेल तर सुई शेवटपर्यंत टेकलेली नाही, किंवा मध्ये खपली अडकली आहे. रंग एका बाजूलाच उडत असेल तर टोक वाकले आहे. फवारा तुटक-तुटक येत असेल तर टोकावर रंग वाळला आहे. ओल्या कुंचल्याने तिथल्या तिथे टिपून घ्यावा. दर वेळी सगळे यंत्र खोलण्याची हौस मात्र बरी नाही. नॉझलच्या आट्या नाजूक. रोज पाना लावणाऱ्याच्या हातात त्या एक दिवस तुटून येतात. नॉझल काढायचेच तर ताटलीत काढावे, बेसिनवर कधीही नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू. एकदा मोरीत गेली की समुद्रार्पण.

हे सगळे ऐकून आपण म्हणाल, पाच मिनिटे रंगवायचे आणि तासभर धुवत बसायचे, ही कसली हौस? पण हिशोब तसा नाही. लगेच विसळले तर दोन-तीन मिनिटे लागतात. सुईसकट सगळे केले तर दहा. तास लागतो तो उद्यावर टाकलेल्याला. आणि उद्याचा परवा झाला तर तासानेही भागत नाही.

याची परीक्षा यंदा अचानक झाली. वसुबारसेला तीन दिवस होते. कन्या बाल्कनीत मावळ्यांच्या पागोट्यांना केशरी रंग देत होती. चाळीसपैकी बावीस झाले होते. दिवेलागणीला वीज गेली. कॉम्प्रेसर घरघरून थांबला. इमारतभर आरडाओरडा झाला, सौभाग्यवती मेणबत्ती शोधू लागल्या. बाल्कनीतून आवाज आला, “आई, मेणबत्ती इकडे नको. बाबा, तुमच्या मोबाइलचा उजेड धरा, आणि कोमट पाण्याची वाटी द्या.” मी उजेड धरून उभा राहिलो. वाटीतला रंग उलटा केला, पाणी घातले, कुंचल्याने ढवळले, ओतले, तीनदा. मग मागचे नट, मग सुई, मग ताटलीत नॉझल. हवा नव्हती, म्हणून एकेक भाग पाण्यात हाताने खळबळून काढला. उरलेल्या अठरा मावळ्यांकडे तिने एकदाही पाहिले नाही. वीज तासाभराने आली. तोवर वाटीबाहेर सांडलेला केशरी थेंब खडखडीत वाळला होता.

पण त्याआधीच ती अंधारात जिना उतरून सुई घेऊन खाली गेली होती. मीही उजेड धरण्याच्या निमित्ताने मागोमाग गेलो. आप्पांनी काही विचारले नाही. कापूस काढला, सुई त्यावरून ओढली, पुन्हा उलटी फिरवून ओढली. तंतू अडकला नाही. त्यांनी ती नळीत ठेवली, बूच लावले आणि नळी तिच्या हातात दिली.

“आता ही तुझ्याकडेच राहू दे,” ते म्हणाले. “रोज वर-खाली करताना जिन्यात कुठंतरी पडायची.”

“आणि तुम्हांला लागली तर, आजोबा?”

“मला कशाला लागतेय? वीज आली की जा वर. पागोटी अर्धी राहिलीत ना?”

एवढेच. चाळीस वर्षे ज्या सुईने ढग भरले ती कोणाच्या हाती द्यायची, याचा निकाल आप्पांनी चित्र पाहून केला नाही. मावळे कसे रंगले हे त्यांना धड दिसतही नाही.

यंदाच्या दिवाळीत कोणा मुलामुलीला एअरब्रश भेट देण्याचा आपला विचार असेल, तर जरूर द्यावा. मात्र त्याबरोबर मऊ कापड, एक बारीक ब्रश, सफाईच्या द्रावणाची बाटली, फवारा सोडण्यासाठी झाकणाची बरणी आणि नाकाला लावण्याचा मास्क, एवढे त्याच पुडक्यात बांधावे. रंग पाण्यातला असला तरी तुषार छातीत जाऊ देऊ नयेत. खिडकी उघडी असावी. आणि थिनरचा रंग असेल तर पणत्यांच्या दिवसांत विशेष सांभाळावे: त्याची वाफ पेटते, तेव्हा जिथे ज्योत तिथे फवारा नाही.

पुडके उघडल्यावर मूल आधी यंत्र उचलील आणि कापड बाजूला टाकील. ते स्वाभाविकच आहे. आपण रागावू नये. फराळाचे ताट रिकामे झाले की ते उचलून त्यावर लगेच पाणी घालावे, आणि हे मुलाला दिसेल अशा बेताने करावे. पुढचे क्रियापद त्याचे त्याला सुचेल.